मुंजाचं वय

आमच्या मराठवाड्यात दिवेलागणीला पिंपळाखालून जाताना आया लेकरांचा हात घट्ट धरतात. वर मुंजा असतो म्हणे. मुंज झाली, पण सोडमुंजीआधीच गेला, असा तो बटू. सारा गाव ज्याला भितो, ते मुळात एक कोवळं पोर. त्याला भ्यावं आणि त्याच्यासाठी हळहळावंही, इतकी माया आपल्या भुताच्या गोष्टींत आहे.

ही माया मला जुन्या ‘नवल’मध्ये भेटली. ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ काढणाऱ्या अनंत अंतरकरांनी या मासिकात गूढ आणि भयाला हक्काचं घर दिलं. परभणीत रद्दीच्या दुकानात सापडलेल्या एका अंकात कथेच्या नावाशेजारी कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, ‘रात्री वाचू नका.’ मी अर्थात रात्रीच वाचली. पुढे नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा हाती आल्या आणि भीती ही किती नाजूक, किती जबाबदारीची कलाकुसर आहे ते कळलं.

कारण याच परभणी जिल्ह्यात मानवत आहे. 1972चा दुष्काळ. विहिरी आटलेल्या, माणसं दुष्काळी कामांच्या खडीवर. त्याच वर्षी तिथं खून सुरू झाले, ते 1974पर्यंत चालले. बळींमध्ये लहान मुली होत्या. तपासातून पुढे आलं ते गुप्तधन, मूल होण्याची आस आणि पिंपळावरच्या मुंजाला प्रसन्न करण्यासाठी दिलेलं रक्त. अकाली गेलेल्या एका लेकराच्या नावानं दुसऱ्यांची लेकरं मारली गेली! कुठल्याही भयकथेतला मुंजा इतका क्रूर नाही.

या खुनांवर विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, अमोल पालेकरांचा ‘आक्रीत’ हा चित्रपट 1981मध्ये आला, 2024मध्ये वेबमालिकाही झाली. दोन्हींत तपास आहे, समाज आहे. पण मला धारपांच्या ‘आजी’ या कथेची आठवण येते, जिच्यातून ‘तुंबाड’ चित्रपटाला बीज मिळालं. हाव माणसाला कशी आतून पोखरते, हे भयकथेइतकं नेमकं दुसरं कुणी सांगत नाही.

तेव्हा मानवतच्या शाळेत जाणारी, अंधार पडायच्या आत घरात कोंडली जाणारी मुलं आज साठीत आहेत. एखाद्या दिवाळी अंकानं त्यांच्याकडून भयकथा लिहून घ्यावी. त्या मुलींच्या बाजूनं.