हप्ता आणि रोस्टर

वैमानिक व्हायला घरचा पैसा लागतो, हे आमच्या पिढीच्या डोक्यातच नव्हतं. १९८०च्या सुमारास आमच्या निंबोल्यासारख्या गावातल्या पोरासाठी वाट एकच. एनडीएची परीक्षा, खडकवासला आणि मग हवाई दल. फी नाही, राहणं-खाणं सरकारचं, पुढे पगार. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८पासून होता आणि जेआरडींनी १९२९ साली लायसन्स काढलं, पण तासाचे पैसे मोजून उडणं ही पैसेवाल्यांची हौस. कपाशी-केळीवाल्यांचं ते काम नव्हतं.

माझा मामेभाऊ त्याच वाटेनं गेला आणि हवाई दलातून सुटल्यावर इंडियन एअरलाइन्समध्ये लागला. देशांतर्गत विमान कंपनी म्हणजे तेव्हा जवळपास तीच. सरकारी कंपनी बुडते थोडीच! मामींना दर महिन्याला मनिऑर्डर यायची. माणूस मात्र वर्षातून एकदा-दोनदा. धाकटीचा जन्म त्याला तारेनं कळला. म्हणजे घराची ओढाताण तेव्हाही होतीच. पैशाची तेवढी नव्हती.

आता माझ्या पुतण्याचं बघा. शिरपूर, धुळे, जळगाव, तिन्हीकडे विमान शिकवतात. सकाळी बुऱ्हाणपुराहून निघालं की दुपारच्या आत पोचता येतं. वाट जवळ आली खरी, पण टोल जबर. कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण, वर एअरबसचं टाइप रेटिंग वेगळं. सगळं धरून पन्नास लाखांच्या पुढे गेलं. भाऊंनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, विहिरीजवळचं शेत बँकेत ठेवलं. लायसन्स हातात पडलं आणि २०२०चा लॉकडाउन लागला. विमानं जमिनीवर, भरती बंद, व्याज मात्र चालू. पुढे नोकरी लागली, तरी भाऊंना झोप नाही. जेट २०१९च्या एप्रिलमध्ये बंद पडली, गो फर्स्ट २०२३च्या मे महिन्यात. भाऊ म्हणतात, "केळीसारखंच आहे रे हे. घड भरतो आणि एका वादळात बाग आडवी." दरवर्षीच्या मेडिकलच्या आधी पोरगा गोड सोडतो, तेव्हा भाऊही चहात साखर घेत नाहीत. त्याचा उपयोग काय, ते त्यांनाच ठाऊक.

नियमानं वैमानिकाला महिन्यात ठरावीक तासांपेक्षा जास्त उडवता येत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, चैन आहे! स्टँडबाय, पहाटेचं रिपोर्टिंग, परगावच्या हॉटेलातल्या रात्री यात दिसत नाहीत. सुट्टी मिळाली की हा गडी मुंबईहून पंजाब मेल धरतो आणि मध्यरात्रीनंतर बुऱ्हाणपूर स्टेशनावर उतरतो. एरवी व्हिडिओ कॉल. त्याचं चार वर्षांचं पोरगं पोळीचा घास मोडून फोनच्या काचेला भरवतं, आणि सूनबाई रोज रात्री ती काच पुसते. जुने दिवस बरे होते असं मी म्हणणार नाही. मामेभावाच्या लेकीनं बाप पहिल्यांदा नीट पाहिला तो दोन वर्षांची असताना.

सूनबाई बुऱ्हाणपूरला शिक्षिका आहे. घर तिच्या पगारावर चालतं, त्याचा पगार बराचसा हप्त्यात जातो. त्यामुळे घरातला शेवटचा शब्द तिचा, आणि ते मला पटतं. परवा नातवाच्या शाळेचा विषय निघाला. पुतण्या फोनवर म्हणाला, "थांब जरा, बेस बदलायचं चाललंय, हैदराबाद मिळेल बहुतेक."

"बेस बदलू दे," ती म्हणाली. "फॉर्म मी सकाळीच भरलाय."

भाऊंनी लगेच विचारलं, "फी किती?"