लोणारहून दोन पत्रं

लोणार, रात्री साडेनऊ

ती. आईस सा. न.

पोचलो. जालन्यापर्यंत बसायला जागा मिळाली, मंठ्यापासून पुढे उभ्यानेच. थंडी अशी, की तू बळेच कोंबलेली शाल आत्ता अंगावर आहे. तुझ्याशी भांडलो ते परत घेतो. लॉजवाल्याने गरम पाण्याच्या बादलीचे ४० रुपये घेतले. अर्धी द्या म्हटलं, तर म्हणे अर्धीचेही ४०च! वर चहा संपला म्हणून माझ्यावरच वसकला. जेवण मात्र फक्कड: वांग्याची भाजी, ठेचा, ज्वारीची भाकरी. आपल्या तांदळाच्या भाकरीची सवय, त्यामुळे ही तोंडात फिरत राहते, पण तीन खाल्ल्या. बाजूला माग नाहीत, खडखड नाही, त्यामुळे झोप येत नाही. ताग्यांचे पैसे आले का? दादाचा ताप?

दुसरा दिवस, दुपार

"तळं बघायला बुलढाण्यापर्यंत कशाला, आपला वऱ्हाळदेवीचा तलाव काय वाईट?" असं म्हणालीस ना? मग ऐक. दगड इथेही आपल्या खदाणीतलाच, काळा कातळ. त्यावर आभाळातून एक धोंडा आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा पडला. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे कितीतरी वर्षं लोक त्याला ज्वालामुखीचं तोंडच समजत होते. वय आधी ५२ हजार वर्षं धरायचे, नंतरच्या मोजणीत ५ लाख ७० हजार निघालं. आजीच्या वयाचा घोळ यापुढे काहीच नाही.

तळ्याला आधी खळगा लागतो. हिमालयात बर्फ सरकताना खळगे कोरतो, त्यात तळी साचतात. आपल्याकडे बर्फ कुठला? म्हणून तळं हवं तर बांध घालायचा. तानसा तलावही १८९२ च्या बांधामुळेच. इथे खळगा आयताच मिळाला, पण पाण्याला बाहेर जायला वाट नाही. झरे आत येतात, ऊन पाणी उडवून नेतं, खार मागे राहतो. काकांच्या रागासारखं: आत जातो, बाहेर पडत नाही, नुसता मुरतो. पाण्यात बोट घातलं तर साबणासारखं बुळबुळीत, काठाला कुजक्या अंड्याचा वास. २०२० च्या जूनमध्ये खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हेच पाणी गुलाबी झालं होतं. आज हिरवट दिसलं. आपल्या तलावाचं पाणी निदान पिता तरी येतं.

दैत्यसूदनाचं देऊळ पाहिलं, छान आहे. गोमुखाच्या झऱ्याची धार मात्र तळ्यासारखी खारट नाही, गोड. तिच्याखाली उभा राहिलो आणि शाल भिजली. लॉजवाला वाळत घालायला दोरी देईना, म्हणून खिडकीला बांधली आहे. उद्या निघतो, कल्याणला उतरलो की फोन करीन. भात टाकून ठेव.