माथ्यावरचे रान : माथेरानातील अडीच दिवस

शुक्रवार

कर्जत मार्गावरील नेरळ स्थानकातून माथेरानचा डोंगर समोरच दिसतो, परंतु टॅक्सी घाटरस्त्याने केवळ दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, कारण रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता त्यापुढे मोटारींना मज्जाव आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, म्हणजे निसर्गाच्या रक्षणासाठी बांधकाम, खाणकाम व वाहतूक यांवर कायद्याने निर्बंध असलेला प्रदेश, म्हणून घोषित केला. गावातील वाहनबंदीची रीत मात्र त्याहून जुनी आहे. डोंबिवलीहून आलेले पती-पत्नी संध्याकाळी नाक्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या दोन्ही बॅगा एका हमालाने डोक्यावरील चुंबळीवर एकावर एक रचल्या आणि एका हाताने वरची बॅग सावरत तो छोट्या रेल्वेगाडीच्या रुळांच्या कडेने निघाला. बाजारपेठेपर्यंतच्या सुमारे तीन किलोमीटरांत त्याने ओझे एकदाही खाली ठेवले नाही. मोकळ्या हातांनी चालणाऱ्या दोघांना मात्र दोनदा थांबावे लागले.

शनिवार

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील हा सपाट माथा सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा पडलेला असून त्याच्या काळ्या बेसाल्टवर जांभा दगडाचा थर आहे. जांभा म्हणजे उष्ण व पावसाळी हवामानात मूळ खडक झिजून, त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून गेल्यावर मागे उरलेला, लोहयुक्त व सच्छिद्र दगड. वाटेवरची माती लाल असण्याचे कारण हेच लोह आहे. चप्पल, पायजम्याची कड, घोड्यांचे खूर या सर्वांवर सकाळी नऊपर्यंत त्या मातीचा एकच रंग चढलेला असतो. वाटेवर जांभूळ, हिरडा आणि अंजनी यांची सावली इतकी दाट आहे की माथ्यावरचे रान ते माथेरान, ही नावाची प्रचलित उपपत्ती पटण्यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज वाटत नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हे ठिकाण ‘शोधले’ असे सर्वत्र छापले जाते. डोंगर येथील आदिवासींच्या पायांखालचा होताच, त्यामुळे ‘इंग्रजांच्या नजरेस आणले’ असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

शार्लोट तलावाकाठी ग्रामदैवत पिसारनाथाचे दर्शन घेऊन दोघे लुईझा पॉइंटला गेले, जेथून समोर प्रबळगडाचा कातळ दिसतो. तेथे बराच वेळ दोघांपैकी कोणीही बोलले नाही, आणि हॉर्नचा आवाज नसलेली ती शांतता हेच या गावाचे खरे धन आहे. परंतु त्या शांततेचा भार माणसांनी उचलला आहे, हे परतीच्या वाटेवर दिसले : हातरिक्षा, म्हणजे एकाने पुढून ओढायची आणि दोघांनी मागून ढकलायची दुचाकी गाडी, चढावर आली की ढकलणाऱ्यांच्या पोटऱ्या ताणल्या जातात आणि आत बसलेल्यास त्यांचा श्वास ऐकू येतो. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत थांबवून ई-रिक्षा आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, तो उशिरा आलेला असला तरी योग्यच आहे. मात्र त्या ई-रिक्षा आजवर हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच हाती राहिल्या पाहिजेत.

स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल याच गावी १९१२ मध्ये जन्मले, वकील झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. सूर्यास्त पाहायला येणाऱ्या गर्दीला हेही ठाऊक असावे.

रविवार

उतरण्यासाठी दोघांनी छोटी गाडी निवडली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधलेल्या या लोहमार्गाच्या दोन रुळांमधील अंतर अवघे दोन फूट आहे आणि दातेरी रुळांचा आधार न घेता, केवळ वळणांनी लांबी वाढवून चढ सौम्य केला असल्यामुळे सुमारे २१ किलोमीटरांना दोन तासांहून अधिक वेळ लागतो. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात तो पुन्हा खचला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये दुरुस्त झाला. मार्गावरील एकमेव बोगद्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात, कारण त्यातील अंधार एका चुंबनापुरताच टिकतो. डब्यातील सर्वजण त्या क्षणी शांत झाले आणि प्रकाश येताच हसले.

माथेरानला जाणाऱ्या वाचकांनी दोन दिवसांचे सामान एका पाठपिशवीत बसेल एवढेच घ्यावे, आणि हमाल करावा लागलाच तर ठरलेल्या दरात घासाघीस करू नये.