ब्रॅडेंटनच्या कुंपणाशी

अमेरिकेला जाऊन आलेला माणूस न्यूयॉर्कच्या उंच इमारतींचे वर्णन करतो. मी तुम्हांला फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटन गावाचे आणि तिथल्या एका तारेच्या कुंपणाचे सांगणार आहे.

२०१४ च्या मार्चात मी भाच्याकडे सेंट पीटर्सबर्गला होतो. शेजारी एक म्हातारबा राहत. पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात जन्म गेलेला. थंडीत उबेसाठी दक्षिणेत येत. त्यांना वेड एकच, पिट्सबर्ग पायरेट्स हा बेसबॉलचा संघ. हा संघ १९६९ पासून दरवर्षी सरावाला ब्रॅडेंटनला येतो. एके दिवशी म्हातारबा म्हणाले, "चला, मला एका माणसाला भेटायचंय."

खाडीवरचा लांबलचक पूल ओलांडला की मनाटी परगणा लागतो. टोमॅटोची शेते, संत्र्याच्या बागा. डबाबंद संत्रारसाची ट्रॉपिकाना कंपनी इथलीच. पण २००५ मध्ये फ्लोरिडात ग्रीनिंग रोग शिरला आणि बागाईतदार टेकीला आला. आपल्या नागपूरकरांना ते दुःख सांगायला नको.

आता बेसबॉल म्हणजे काय? चेंडू टप्पा न पाडता फेकायचा, गोल दांड्याने टोलवायचा, बाजूला नऊ गडी, हंगामात १६२ सामने. संघाला एक जनरल मॅनेजर असतो. तो मैदानात उतरत नाही. कोणता पोरगा घ्यायचा, कोणता द्यायचा, पैसा कुठे घालायचा, हे तो ठरवतो. बैलबाजारातल्या जाणत्यासारखे त्याचे काम. चुकला तर शिव्याही त्यालाच.

या संघाचा तो माणूस नील हंटिंग्टन. २००७ साली आला तेव्हा संघ १९९३ पासून दरवर्षी हरण्याच्याच बाजूला होता. त्याने लोकांचे आवडते, नावाजलेले खेळाडू देऊन टाकले आणि कोवळी पोरे घेतली. २०१० मध्ये १०५ सामने हरले. आमचे म्हातारबा तेव्हा त्याला हाकला म्हणून ओरडत होते. त्यानेच २००८ मध्ये आपल्या उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू करारावर घेतले. वर्षभर आधीपर्यंत पोरांनी बेसबॉल धड पाहिलाही नव्हता. काहींनी याला जाहिरातबाजी म्हटले. थोडीफार असेलही, पण ती पोरे याच मैदानावर घाम गाळून सामने खेळली, हे खरे.

पुढे २०१३ मध्ये ९४ विजय मिळाले. एकवीस वर्षांनी संघ बाद फेरीत गेला. घरच्या मैदानावर चाळीस हजारांवर माणसे काळे कपडे घालून जमली. म्हातारबा त्या रात्री रडले म्हणे.

कुंपणाशी आम्ही तासभर उभे होतो. तिकीट नाही, पोलीस नाही. साधी टोपी घातलेला एक माणूस चालत आला. म्हातारबांनी स्वतःची टोपी काढली, हात पुढे केला आणि म्हणाले, "मी तुम्हांला फार वाईट बोललो होतो. ते सांगायला आलोय." त्याने हसून हात हातात घेतला आणि पोरांकडे निघून गेला. भेट संपली. म्हातारबा मात्र कुंपण सोडीनात.

परतताना भाचा म्हणाला, "मामा, हा न्यू हॅम्पशायरमधल्या गोठेवाल्याच्या घरात वाढलाय." मी चमकलो. म्हातारबांनी मला विचारले, कालवड दूध द्यायला किती वर्षे लावते? मी सांगितले, आमच्या गावठी गाईची तीन-चार तरी. ते बोटांवर काहीतरी मोजत बसले.

२०१९ च्या ऑक्टोबरात संघाने हंटिंग्टनला नारळ दिला. पुन्हा हार सुरू झाली होती. भाच्याचा फोन आला तेव्हा मी आधी म्हातारबांचे विचारले. "बसलेत ओट्यावर," तो म्हणाला, "टोपी मांडीवर घेऊन."