तीन लाखांची सायकल आणि आमचा रस्ता

मंडळी, आज राजकारण नाही. शेवटी गाडी रस्त्यावर येईलच, पण सुरुवात सायकलवरून करतो.

माझा भाचा एकवीस वर्षांचा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीचं वेड. बोरघाटात 'घाटाचा राजा' व्हायचं, एवढंच डोक्यात. रोज पहाटे तुडीलहून निघतो, रविवारी पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढतो. आता त्याला इलेक्ट्रॉनिक गिअरची सायकल हवी आहे. दुकानदाराने सांगितलेली किंमत तीन लाखांच्या आसपास. ताई म्हणाली, "तू पेपरवाला, तुला कळतं. गळ्यातलं गहाण ठेवू का?"

मला काय डोंबल कळतं! लहानपणी भाड्याच्या सायकलीवर अर्धी पॅडल मारत शिकलेला माणूस मी. पण प्रश्न गळ्यातल्याचा होता, म्हणून पुण्याला गेलो, दुकानात चालवून बघितली, दोन मेकॅनिकना पिडलं.

साध्या गिअरमध्ये बोटाने खटका दाबला की बारीक वायर ओढली जाते आणि मागचा डिरेलर चेन दुसऱ्या चक्रीवर ढकलतो. वायर ताणते, गंजते, तिच्या नळीत चिखल जातो. आपल्या पावसात तर विचारूच नका. इलेक्ट्रॉनिकमध्ये बटण दाबलं की छोटी मोटर 'घूं' करते आणि चेन नेमकी जागेवर. पुढची चेन घासायला लागली तर काही संच ती आपोआप सरकवतात. चढावर, पाय भरून आलेले असताना, बोटं बधिर झालेली असताना हे सुख मोठं आहे. हात न हलवता गिअर पडतो, म्हणून शेवटच्या धडकीत फायदा होतो. मी खोटं बोलणार नाही, मलाही ती आवडली.

शिमानोने ड्युरा-एसचा असा संच 2009 मध्ये आणला, स्रॅमने वायरलेस 2015 मध्ये. 2021 पासून ड्युरा-एसमध्ये वायरचा पर्यायच उरला नाही. पण गंमत बघा, त्याच शिमानोने 2023 मध्ये 105 या खालच्या मालिकेत बारा गिअरचा वायरवाला संच काढला. म्हणजे वायर घेणारं गिऱ्हाईक अजून आहे, हे कंपनीलाही ठाऊक.

आता आमच्या रस्त्याचं. गेल्या पावसाळ्यात भाचा खड्ड्यात आपटला. गुडघा फुटला, आणि डिरेलर जिथे अडकवतात तो हँगर वाकला. तो अ‍ॅल्युमिनियमचा मऊ तुकडा मुद्दामच तसा असतो, फ्रेम वाचावी म्हणून. नंतर गिअर अंदाधुंद पडू लागले. भाचा म्हणाला, "मामा, इलेक्ट्रॉनिक असतं तर असं झालं नसतं." मेकॅनिकला विचारलं. तो हसला. म्हणाला, मोटर बिचारी मोजून सरकते, पण हँगर सरळ आहे हे धरूनच. तो वाकला की मोटर चेन अचूकपणे चुकीच्या जागी नेणार.

जानेवारी 2026 मध्ये पुण्यात 437 किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल स्पर्धा झाली. तिच्यासाठी पुणे जिल्ह्यातले रस्ते नव्याने केले गेले. छानच. आमच्या खाडीपट्ट्यात कधी शर्यत येईल की नाही देव जाणे. शाळेची पोरं मात्र रोज याच रस्त्याने जातात. रस्ता कुणाच्या अखत्यारीत ते आज लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

ताईला सांगितलं, गहाण ठेवू नको. आहे त्या सायकलला नवीन वायर, नवा हँगर, बरे टायर घाल. उरलेल्या पैशांतून त्याला सहा महिने पुण्यात चांगल्या प्रशिक्षकाकडे ठेव. शर्यतीत पहिल्या दहात आला आणि वायरमुळे मागे पडतोय असं प्रशिक्षकच म्हणाला, तर मी स्वतः निम्मे घालीन. लिहून देतो.

भाचा चार दिवस बोलला नाही. काल संध्याकाळी आला, हँगर सरळ करण्याचं अवजार कुठे मिळेल म्हणून विचारत. महाडमध्ये कुणाकडे असेल तर खाली कमेंटमध्ये कळवा, येऊन घेऊन जातो.