आवाजाचा माग : काचीगुडा ते राणीगंज

हैदराबादच्या रस्त्यांची खरी ओळख नव्या मोटारीत बसणाऱ्याला होत नाही. ती जुन्या मोटारीतच होते. सुलतान बाजाराकडील उखडलेला तुकडा, नारायणगुड्याकडची ठिगळे, गल्लोगल्ली हौसेने घातलेले गतिरोधक आणि हुसेनसागराच्या बांधावरची सपाट वाट, या प्रत्येकाचा बोल जुनी गाडी वेगळा ऐकवते. गेल्या भाद्रपदात आमच्या गाडीने असा एक बोल ऐकविला, की त्याचा माग काढीत आम्हांला काचीगुड्यापासून राणीगंजपर्यंत हिंडावे लागले. त्या भ्रमंतीची ही हकीकत.

गाडी २००४ सालची, मारुती ८००. ही मोटार १९८३ च्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आली. २०१० च्या एप्रिलपासून नव्या प्रदूषण-नियमांमुळे हैदराबादसह तेरा शहरांत तिची विक्री थांबली आणि २०१४ च्या जानेवारीत उत्पादनही संपले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. आमच्या गाडीने ते सोपस्कार दोनदा पार पाडले आहेत. घरातील तरुण मंडळी तिला निरोप देण्याच्या मताची आहेत. परंतु ऐंशी ओलांडलेल्या आमच्या मातोश्रींना दुसऱ्या गाडीत चैन पडत नाही.

दरवर्षी नवरात्राच्या सुमारास तुळजापूरला जाऊन कुलस्वामिनीचे दर्शन घ्यावे, हा आमचा कुळाचार. जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग असा तो मार्ग. १९५६ पूर्वी ही सारी गावे हैदराबाद राज्यातच होती. आज त्याच वाटेवर तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्र अशी तीन राज्ये लागतात. एका अंगाला सुमारे तीनशे किलोमीटरांचा पल्ला, अवजड मालमोटारींची वर्दळ आणि मागच्या आसनावर वृद्ध आई. अशा प्रवासाच्या तोंडावर गाडीच्या पुढच्या अंगातून ‘टक् टक्’ असा आवाज येऊ लागला. प्रश्न केवळ कर्णकटू आवाजाचा राहिला नव्हता.

एका मोठ्या कार्यशाळेत गाडी दाखविली. तेथे आवाज नीटसा न ऐकताच पुढचे दोन्ही शॉकअप बदलण्यात आले. पैसे गेले, आवाज राहिला. मग एका स्नेह्यांच्या सांगण्यावरून काचीगुड्यातील एका गल्लीतल्या उस्तादांकडे गेलो. साठी उलटलेले हे गृहस्थ अँबॅसडर आणि फियाट यांच्या जमान्यात हा हुन्नर शिकलेले. आमची सारी कथा ऐकून ते एवढेच म्हणाले, “साब, पुर्जा तो कोई भी बदल देता. आवाज कायका है, पैले वो समझना.”

पान्ह्याला हात न लावता उस्ताद आमच्या शेजारी येऊन बसले. काचा खाली, पंखा बंद, बोलणे बंद. प्रथम दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या अरुंद गल्लीतून गाडी सावकाश नेली. भिंतीवरून परतणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो. मग गतिरोधक, मग ठिगळांचा रस्ता, शेवटी मोकळ्या जागेत चक्र पूर्ण वळवून फेरी. या फेरफटक्यात आम्हांला आवाजांचे जणू व्याकरणच समजले. संथ गतीने गतिरोधक ओलांडताना ‘कर्रर्र’ होत असेल, तर रबरी बुश सुकले आहेत. उभ्या गाडीत चक्र फिरवताना कडकड झाली, तर शॉकअपच्या माथ्यावरची बैठक किंवा तिचे बेअरिंग पाहावे. चक्र पूर्ण वळवून चालताना ओळीने ‘कट् कट्’ आले, तर तो दोष बहुधा चाकाला शक्ती पोचविणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा. वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची. ब्रेक दाबताच एकच ‘धप्’ झाले, तर लोअर आर्मचे बुश सैल असण्याचा संभव अधिक. शॉकअप निकामी झाला, तर धक्क्यानंतर गाडी डुलत राहते. आमची डुलत नव्हती. लहानसहान खड्ड्यांवर फक्त टकटकत होती.

परतल्यावर उस्तादांनी रबरी बुशांवर पाणी शिंपडले आणि बॉनेट दाबून गाडी हलविली. रबराची कुरकुर पाण्याने काही वेळ थांबते. येथे फरक पडला नाही, म्हणजे रबर निर्दोष ठरले. पुष्कळ लोक अशा वेळी तेल सोडतात; पण साध्या तेलाने रबर फुगते व लवकर खराब होते, ही सूचनाही मिळाली. नंतर गाडी जॅकवर उचलून खाली भक्कम घोड्या लावल्या. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, हा या विद्येतील पहिला धडा. चाक वरून व खालून धरून हलविले, तेव्हा डावे चाक किंचित खेळले. पोऱ्याला ब्रेक दाबून धरावयास सांगितले. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला, तर बेअरिंग दोषी. तो कायम राहिला, तर सांधा. खेळ कायम राहिला. गंमत अशी, की आम्हांला तो आवाज उजवीकडून, अगदी पायांखालून येतो असे वाटत होते. गाडीचा पत्रा आवाज इकडून तिकडे वाहून नेतो. म्हणून कानाची साक्ष हाताने पडताळावी लागते.

या गाडीत पुढच्या चाकाला वरून शॉकअप व स्प्रिंग यांचा एकत्र खांब सावरतो आणि खालून लोअर आर्म. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात बसविलेली ही रचना. लोअर आर्मच्या टोकाशी बॉल जॉइंट असतो. त्यावरची रबरी टोपी फाटली, की ग्रीस बाहेर येते, धूळपाणी आत जाते आणि गोळी झिजते. जुन्या अँबॅसडर-फियाटच्या सांध्यांना वरचेवर ग्रीस द्यावे लागे. त्या निमित्ताने कोणाची तरी नजर तेथे पडे. बंद सांध्याला ग्रीस लागत नाही, म्हणून कोणी पाहतही नाही.

नव्या भागासाठी हिमायतनगरावरून टँक बंड गाठला. इब्राहिम कुतुबशहाच्या काळातील या बांधावर गाडी अगदी मुकी झाली. गुळगुळीत रस्ता दोष झाकतो, एवढेच त्याचे कारण. बांध संपला, की राणीगंज. मोटारींच्या सुट्या भागांची ही शहरातील नामांकित पेठ. अस्सल आणि नकली माल येथे शेजारी शेजारी नांदतो; म्हणून उस्तादांनी बरोबर दिलेल्या पोऱ्याने लोअर आर्म हातात घेऊन, टोपी दाबून, गोळी फिरवून पारखला. अशा पेठा आहेत म्हणूनच उत्पादन थांबलेल्या गाड्या या शहरात चालत्या राहतात. चौमहल्ला राजवाड्यातील निजामांची १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस फार देखणी आहे खरी, पण उभ्या गाडीला टकटक कुठली!

नवा भाग बसविताना उस्तादांनी बुशाचे बोल्ट आधी हलकेच लावले आणि गाडीचा भार चाकांवर आल्यावरच आवळले. चाक लोंबकळत असता ते आवळले, तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घेण्यास बजावले. मग जुना सांधा आमच्या तळहातावर ठेवला. गोळी खोबणीत खुळखुळत होती. “ये हाईवे पे निकल जाता तो चक्का बाहर कू मुड़ जाता,” असे ते शांतपणे म्हणाले. आम्हांला क्षणभर नळदुर्गाकडचा रस्ता आणि मागच्या आसनावर जप करीत बसलेली आई दिसली.

ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, की लांबच्या प्रवासापूर्वी तिचा आवाज ऐकणारा माणूस शोधावा आणि दोष हाताला लागेपर्यंत पुर्जे बदलू देऊ नयेत. तो तुटका सांधा आम्ही घरी आणला होता. आईने तो उलटसुलट करून पाहिला, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “अरे, तुळजापुराहून येताना त्या उस्तादांसाठी देवीचा प्रसाद घ्यायला विसरू नकोस हं.”