मुक्या रुग्णाची शुश्रूषा

घरांतलें माणूस आजारी पडलें म्हणजे औषध कां घ्यावयाचें हें त्याला समजावून सांगतां येतें. मूल लहान असलें तर निदान आमिष तरी दाखवितां येतें. मुक्या प्राण्यापुढें हे दोन्ही उपाय लंगडे पडतात. सुई टोंचणारा हात आणि पाठीवरून फिरणारा हात एकच आहे, हें त्याला कोणत्या भाषेंत सांगावें? गेले आठ महिने आमच्या सदाशिव पेठेंतील घरांत हा प्रश्न रोज दोन वेळां उभा राहतो.

आमचा बोका मन्या दहा वर्षांचा, अंगानें चांगलाच स्थूल. गेल्या पावसाळ्यांत तो वाडगें वाडगें पाणी पिऊं लागला, भरपूर खाऊनही वाळूं लागला, आणि मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकून चालूं लागला. भ्यालेल्या मांजराची रक्तांतील साखर नुसत्या भीतीनेंही चढते. म्हणून पशुवैद्यांनीं गेल्या दोनतीन आठवड्यांची सरासरी दाखविणारी फ्रुक्टोसामीनची चांचणीही केली. निदान ठरलें : मधुमेह. दर बारा तासांनीं इन्सुलीन टोंचावयाचें आणि दूधभात बंद करून मांसाहार द्यावयाचा, असें त्यांनीं सांगितलें.

पहिली अडचण सुईची नव्हे, ताटाची आली. आमच्या घरांत अंडेंसुद्धां येत नाहीं. परंतु मांजर हा प्राणी जातीनेंच मांसाशी. त्याला गोड चव कळतच नाहीं. ती ओळखणारें जनुक मार्जारकुळांत निकामी झालें आहे, असें २००५ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. दोन दिवस घरांत कोणी मोकळेपणीं बोललें नाहीं. अखेर मामंजीच म्हणाले, "त्याचा आहार त्याला, आपला आपल्याला. मात्र त्याची ताटली मागच्या अंगणांत ठेवा." आत्याबाईंनीं एक जुनी ताटली निराळी काढून दिली. वादावर तेवढ्यानें पडदा पडला.

मग सुईची पाळी. सकाळीं सहा वाजले कीं मन्या कोठीच्या मागें दडावयाचा. त्याला ओढून काढणें आम्ही लौकरच सोडून दिलें. ताटली पुढें ठेवावी, तो खाण्यांत गुंतला कीं खांद्यामागची कातडी चिमटीनें उचलून तंबूसारखी धरावी, आणि त्या पोकळींत बारीक सुई सारावी. सुई आंत गेल्याचें पुष्कळदां त्याला कळतही नाहीं. कळलें तर मात्र असा पाहतो, कीं आपणच खालीं मान घालावी. बाटली कधीं हलवूं नये, तळहातांत हळूच फिरवावी. ती फ्रीजमध्यें ठेवावी, पण गोठूं देऊं नये. आपल्याकडे एका मिलिलीटरमध्यें ४० एककें असलेलें आणि १०० एककें असलेलें, असें दोन्ही प्रकारचें इन्सुलीन मिळतें. ४० च्या पिचकारींत १०० चें औषध त्याच खुणेपर्यंत भरलें तर मात्रा अडीचपट होते. म्हणून बाटली आणि पिचकारी यांची जोडी आम्ही दर वेळीं ताडून पाहतों.

ऐन थंडींत एका रात्रीं तो झोकांड्या खाऊं लागला. नव्या आहारानें त्याची इन्सुलीनची गरज घटली होती, आणि साखर फार उतरली होती. धाकट्या भाऊजींनीं त्याच्या हिरड्यांना मध चोळला आणि त्याला तडक वैद्यांकडे नेलें. तो बचावला, मात्रा दोन एककांवरून एकावर आली. त्या रात्रीं जाऊबाईंनीं विचारलें, "ही आपली दया, कीं आपला हट्ट?" उत्तर देणें सोपें नव्हतें. हे हाल केवळ आपल्या मायेखातर असते तर ते थांबविणेंच योग्य, असें सर्वांचें मत पडलें. परंतु मन्याचे पाय सरळ पडूं लागले होते, आणि तो पुन्हां खिडकींत चढूं लागला होता. उपचार चालू ठेवावयाचे ठरले.

मामंजींनीं त्या वेळीं एक जुनी हकीकत सांगितली. १८८९ सालीं स्ट्रासबर्ग येथें स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह जडला, तेव्हां या रोगाचें मूळ हातीं लागलें. १९२१ सालीं टोरांटोंत बँटिंग आणि बेस्ट यांनीं कुत्र्यांवरच प्रयोग केले. ११ जानेवारी १९२२ रोजीं चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला पहिली सुई टोंचली गेली. पुढें साठ वर्षें माणसांचें इन्सुलीन गाईगुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतूनच निघत असे. जिवाणूंकडून बनविलेलें मानवी इन्सुलीन वापरांत आलें तें १९८२ पासून. "जनावरांच्या जिवावर माणसें जगलीं," मामंजी म्हणाले, "मग एका बोक्यासाठीं बारा तासांचें घड्याळ सांभाळणें फारसें जड नाहीं."

एकत्र कुटुंबाचा हा एक लाभ खरा, कीं सहाच्या ठोक्याला घरांत कोणी ना कोणी असतेंच. कांहीं मांजरांना पुढें इन्सुलीन लागेनासें होतें, असें वैद्य सांगतात. आमच्या मन्याचें काय होतें तें पाहावयाचें. ज्या वाचकांच्या घरीं वयस्क मांजर असेल, त्यांनीं त्याच्या पाण्याचें भांडें दिवसांत किती वेळां रितें होतें, इकडे मात्र अवश्य लक्ष ठेवावें.